‘लेडी मॉड’वर वाढलेलं पान

१

चूक शशिधर टिपणिसांची होती. डॉक्टर शशिधर टिपणीस, पोटाचे कन्सल्टंट, मुक्काम विलायतेत, रीडिंगला. पुढे जे झालं ते कळल्यावर तिथल्या मराठी मंडळातले काका-मावश्या म्हणाले की नशीब, म्हणाले की तिकडची हवा, म्हणाले की मुलगा आधीपासूनच जरा तसला. असलं काही नाही. चूक त्यांचीच. एवढं एकदा नीट सांगून टाकलं की बाकीचं सांगायला मोकळं.

त्यांचा मुलगा अवधूत. मेडिकल मधेच सोडून तो उत्तरेला कंब्रियात गेला आणि हॅरोमियर तलावाकाठच्या एका डायव्हिंग सेंटरवर कामाला लागला. टाक्या भरायच्या, ओले सूट वाळत घालायचे, पर्यटकांना पाण्यात उतरवायचं. मंडळात विचारलं की टिपणीस सांगायचे, ‘गॅप इयर घेतलंय.’ त्या गॅपची दोन वर्षं उलटून गेली होती.

तलावाच्या तळाशी ‘लेडी मॉड’ आहे. राणीच्या काळातली आगबोट. सुट्टीतल्या साहेबांना चहा पाजत तलावभर फिरवायची. एका हिवाळ्यात, नांगरून ठेवलेल्या जागीच हळूहळू पाणी भरून ती बुडाली. आत कुणीही नव्हतं. त्या बोटीवर कधी कुणी मेलंच नाही, हे सांगताना सेंटरवरची तनू दर वेळी पर्यटकांची माफी मागितल्यासारखा चेहरा करायची. पाणी गोडं आणि बर्फासारखं गार, लाकूड खाणारे किडे त्यात जगत नाहीत, त्यामुळे बोट अजून उभीच्या उभी आहे. जेवणाच्या केबिनमधली टेबलं जमिनीला ठोकलेली आहेत, बाकही जागच्या जागी आहेत. बाकांवरचं मखमल मात्र कुजून त्याचा बुळबुळीत साका झालाय. हात लागला तर हातमोज्यावर येतो आणि सुटत नाही.

दर आठवड्याला पर्यटक येण्याआधी दोघांनी उतरून दोर तपासायचा. तो दोर वर तरंगणाऱ्या बोयापासून डेकवर आणि तिथून केबिनच्या आरपार बांधलेला. तळाला गाळ उडाला की हाताला हात दिसत नाही, तेव्हा तो दोरच माणसाला बाहेर आणतो. एकाने आत जायचं, दुसऱ्याने दारात थांबायचं, ही मालकाची, ब्रायनची शिस्त. त्या दिवशी तनू दारात होती, अवधूत आत.

मधल्या टेबलावर काहीतरी पांढरं होतं.

अवधूतने टॉर्च जवळ नेला. भाताचा गोळा. मुठीएवढा, शीत न् शीत दिसतंय असा, मधूनमधून काळे तीळ. वरती अंगठ्याने दाबून केलेला खळगा, आणि त्या खळग्यात पिवळसर तवंग. पाण्यात, टेबलावर, जसाच्या तसा. त्याने बोट लावलं. बोट आत गेलं. एवढ्या गार पाण्यात जाड हातमोज्यातून बोटाला एरवी काही म्हणता काही कळत नाही.

भात गरम होता.

२

चार-सहा आठवड्यांपूर्वी टिपणिसांनी बायकोचं दिवसकार्य याच तलावाकाठी उरकलं होतं. उरकलं हाच शब्द. अलका फेब्रुवारीत गेली. आधी क्रेमॅटोरियमची तारीख मिळेना, मग टिपणिसांना सुट्टी मिळेना, आणि शेवटी त्यांच्या डोक्यात आलं की हॅरोमियरच्या हॉटेलचं बुकिंग आधीपासून आहेच, मुलगाही तिथेच आहे, एका खेपेत दोन्ही होतील. स्लाऊचे कमलाकरकाका विधी सांगायला आले. हे काका आयुष्यभर औषधाच्या दुकानात होते आणि निवृत्त झाल्यावर फोनमध्ये बघून मंत्र म्हणायला लागले. उच्चार खणखणीत, बाकी आनंद.

धक्क्याच्या टोकाला कागदी प्लेटमध्ये पिंड ठेवला. मग सगळे मागे सरकून छत्र्यांखाली उभे राहिले, कावळ्याची वाट बघत.

कावळे होते. समोरच्या झाडावर रांगेने बसले होते. एकही येईना. मग पद्धतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायला सुरुवात केली, म्हणजे जीव कशात अडकलाय ते कळतं आणि कावळा शिवतो. आसावरीआत्या म्हणाली, ‘वहिनी, घराकडे मी बघेन.’ कावळा नाही. काका म्हणाले, ‘अवधूतचं शिक्षण पुरं करून घेऊ.’ अवधूत लांब उभा राहून ऐकत होता. त्याच्या शिक्षणावर कावळा तर सोडाच, झाडाचं पानसुद्धा हललं नाही.

खरं काय ते टिपणिसांना माहीत होतं. अलकाचं आयुष्यभर एकच मागणं होतं, की रात्री एकदा सगळ्यांनी मिळून गरम जेवावं. ती ताटं घ्यायची आणि बसून राहायची. हे यायचे ते गाडीतच सँडविच खाऊन. मग ती ओट्यापाशी उभ्याने गार भात खायची आणि अवधूतला म्हणायची, ‘जा, तू झोप.’

‘कावळा नसेल येत तर दर्भाचा कावळा करून शिववायचा असतो,’ काका म्हणाले. ‘दर्भ गाडीत राहिलाय. आणू का?’

गाडी वर कारपार्कात. पाऊस वाढलेला. हॉटेलवाल्यांनी जेवणाची दिलेली वेळ होत आलेली.

‘राहू दे हो कमलाकर,’ टिपणीस म्हणाले आणि छत्री सावरत पुढे झाले. ‘बरं, अलका, मी येतो तुझ्याबरोबर जेवायला. झालं? येतो मी.’ आणि त्यांनी प्लेट पाण्यात लोटली. वाकायला नको म्हणून बुटाच्या टोकाने.

काका म्हणाले, ‘चालतं. जलचरांना दिलं तरी पोचतं.’

मग सगळे जेवायला गेले. टिपणिसांनी दोनदा पुडिंग मागितलं.

३

‘बॉइली असेल,’ तनू म्हणाली. ‘मासे पकडणारे लोक टाकतात ना. पिठाची गोळे.’

तनू इल्फर्डची, जन्म तिथलाच. आजीकडून जेवढं मराठी आलं तेवढं ती न लाजता वापरायची.

‘बॉइली गरम नसते.’

‘तुझी हात गार होती. गार हाताला काहीपण गरम वाटतो.’

हे पटण्यासारखं होतं. अवधूतने ते पटवून घेतलं. मासेवाल्यांचं आमिष, वरून पडून उघड्या छपरातून आत आलेलं. तीळ म्हणजे कसलं तरी बी. खळगा म्हणजे माशाने टोचलेलं. एकेक करून सगळ्याला कारण सापडलं. फक्त एका गोष्टीला सापडेना. वर येताना टाकीतल्या हवेला चव होती. टाकीतली हवा कोरडी असते, रबराची चव लागते फार तर. त्या दिवशी तिला शिजलेल्या भाताच्या वाफेची चव होती, कुकरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तसली. तिच्यात तीळ होते आणि त्याखाली काहीतरी जुनं, ओल्या फडक्यासारखं.

संध्याकाळी त्याने फिश अँड चिप्स घेतले. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचा भात झाला. गार, चिकट, पाणी सुटलेला. त्याने बोटांनी काढून बघितला तर बटाटाच. पुन्हा तोंडात घातला, पुन्हा भात. तो बाहेर जाऊन बिनच्या मागे ओकला. दुसऱ्या दिवशी टोस्ट, तेच. सफरचंदाचा तुकडा दाताखाली आला आणि मऊ पडला, त्यातून शितं सुटी झाली, तीळ दाढेत अडकला. जीभ फिरवली तर तीळबीळ काही नाही.

काळा चहा आणि पाणी एवढंच आत राहायचं. आठवडाभरात त्याच्या ड्रायसूटला पोटावर चुण्या पडायला लागल्या.

हे ब्रायनला कळून चालणार नव्हतं. उन्हाळ्यापासून ‘लेडी मॉड’वर गट न्यायचं काम ब्रायन अवधूतला देणार होता. आधी एक परीक्षेची डाइव्ह, ब्रायन मागे आणि अवधूत पुढे, ती नीट झाली की नोकरी पक्की. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काही सोपवत होतं आणि त्यामागे टिपणिसांचा एकही फोन नव्हता. अवधूतला पाण्याखाली राहायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्याला धड हवी होती आणि धड येत होती.

४

पुढच्या आठवड्यात तो आत गेला तेव्हा मधल्या टेबलावर तीन मुदी होत्या. गोळा म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. वाटीने दाबून पाडतात तशा गोल, नीट मुदी. दोन लहान, समोरासमोर. टेबलाच्या टोकाला एक मोठी. प्रत्येकीच्या वरच्या बाजूला चिमूटभर मीठ.

तो मिठाकडे बघत राहिला. भाताचं एक वेळ समजू, मासेवाले येडे असतात. पण मीठ पाण्यात, तलावाच्या तळाशी, चिमटीतून सोडल्यासारखी छोटासा ढीग करून बसलं होतं. पान वाढताना मीठ जिथे वाढतात तिथेच.

त्याने टॉर्च बाकांवर फिरवला. एवढी वर्षं बाकांवर गाळ साचलेला असतो, सपाट, राखाडी, सायीसारखा. आता त्यात खळगे होते. शेजारी शेजारी, भिंतीपर्यंत. माणसं बूड टेकून बसली आणि उठली, किंवा अजून उठली नाहीत, असे.

मोठ्या मुदीसमोरची जागा मात्र सपाट होती. तिथे कुणी बसलं नव्हतं.

त्याने तनूला खूण केली. ती दारातून आत आली, शिस्त मोडून. तिने टेबलावर टॉर्च मारला, बाकांवर मारला, आणि अंगठा वर केला. चल वर.

बोटीत तोंडातला हवेचा रेग्युलेटर काढल्या काढल्या ती म्हणाली, ‘टेबलवर काही नव्हता. नुसता चिखल. खरं सांगते.’

‘आणि बाकांवर?’

ती सूटची चेन ओढत राहिली. ‘बाकावर कुणीतरी बसला होता,’ ती म्हणाली. ‘खूप लोक. मला नाही आवडला, अवधूत. आपण ब्रायनला सांगू या.’

‘परीक्षा झाल्यावर.’

‘तू आरशात बघितला का? तुझी गाल आत गेली आहेत. तू जेवत नाहीस, मला माहितेय. मी तुझ्या बिनमध्ये बघते.’

‘कशाला बघतेस?’

‘कारण तू स्टुपिड आहेस.’

अवधूतला भूक लागली होती. खालून वर आल्यापासून भयंकर लागली होती, आणि किळस वाटावी अशा गोष्टीची लागली होती. तो त्या तिळाच्या, ओल्या फडक्याच्या चवीसाठी जिभेने दात चाचपत होता. ते लक्षात आल्यावर तो पुन्हा ओकला. नुसतं पाणी पडलं.

५

‘एंडोस्कोपी करून घे,’ टिपणीस फोनवर म्हणाले. ‘तिकडच्या कुणाला तरी लिहून देतो.’

‘बाबा, तुम्ही तिला शब्द दिलात.’

‘कुणाला?’

‘आईला. जेवायला येतो म्हणालात.’

पलीकडे चमच्याचा आवाज झाला. ते काहीतरी खात होते. ते कायम काहीतरी खात असायचे आणि बोलता बोलता गिळायचे, ते ऐकू यायचं.

‘अरे, ते म्हणायचं असतं. सगळेच म्हणतात. कमलाकरांनी तर त्या तलावावर किती घरांचं केलंय. कावळा नाही शिवला तर पाण्यात सोडून मोकळं होता येतं म्हणून तिथे नेतात ते लोकांना. कुणी म्हणतो घर बांधीन, कुणी म्हणतो दारू सोडीन. सोडतो का कुणी?’

अवधूतच्या डोळ्यांपुढे बाकांवरचे खळगे आले. भिंतीपर्यंत.

‘किती घरं?’ त्याने विचारलं.

‘मला काय ठाऊक. हे बघ, तू मेडिकल सोडलंस, ठीक. आता सायन्सही सोडणार का? तुला ग्रीफ झालंय. खाण्याशी निगडित असतं ते बऱ्याचदा.’

‘तुम्ही या. धक्क्यावर बसा, पाण्याकडे तोंड करा, तिच्या नावाने चार घास भात खा. तेवढंच. नंतर मी तुमच्याकडे आयुष्यात काही मागणार नाही.’

‘मी एवढा ड्राइव्ह करून तिथे भात खायला येऊ?’

‘ती सव्वीस वर्षं थांबली. तुम्हाला चार तास गाडी चालवता येत नाही?’

बराच वेळ नुसतं चावणं ऐकू आलं. मग टिपणीस म्हणाले, ‘रविवारी बघतो. कमलाकरांनाही घेऊन येतो, त्यांना कंपनी होईल.’ त्यांना म्हणजे स्वतःला.

रविवारी अवधूतची परीक्षा होती. त्याला वाटलं, बरंच झालं. वर बाप जेवेल, खाली टेबल रिकामं होईल.

६

ते आले. लाल जॅकेट, नवे बूट, हातात कॅफेतला पेपर कप. कमलाकरकाकांकडे स्टीलचा डबा होता. डब्यात वरण-भात, स्लाऊच्या डबेवाल्या बाईंकडून आणलेला.

‘काय रे, हडकलास की,’ काका म्हणाले. ‘तिकडे रीडिंगला असतास तर आईच्या,’ आणि थांबले.

‘आईच्या हातचं खाल्लं असतं,’ अवधूत म्हणाला. ‘म्हणा ना.’

टिपणिसांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघितली. हाताला हात लागलेला अवधूतला सहन झाला नाही. त्या बोटांना लोण्याचा वास होता.

‘रक्त तपासून घे,’ टिपणीस म्हणाले. ‘तू खाली जाऊन ये. आम्ही बसतो इथे.’

‘मी पाण्यात उतरलो की लगेच खायला सुरुवात करा. तिला सांगून खा.’

‘अरे हो.’

‘हो म्हणू नका. खा.’

ब्रायन बोटीत वाट बघत होता. तो जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्याने अवधूतच्या सूटवरच्या चुण्यांकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं. ‘यू ऑल राइट, लॅड?’

‘फाइन.’

तनूने त्याच्या टाकीचा पट्टा एक घर घट्ट ओढला. आज ती पर्यटक झाली होती, मधे तिने राहायचं आणि मागे ब्रायनने. बोट निघाली तेव्हा अवधूतने मागे वळून बघितलं. दोघे म्हातारे धक्क्याच्या टोकाला घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते आणि टिपणीस डब्याच्या झाकणाशी झटत होते. ते सोपं काम होतं. एवढं तरी ते करतील.

७

डेकपर्यंत सगळं चोख झालं. दोर, वेळ, हवा, मागे वळून खुणा. पाणी हिरवं होतं, खाली जाता जाता तपकिरी झालं. अवधूतने केबिनच्या दारात हात धरला, तनूला थांबायची खूण केली आणि आत टॉर्च टाकला.

आत गाळ उडालेला होता. नुकताच. कुणीतरी वावरल्याशिवाय असा गाळ उठत नाही.

दोर हाताखालून सरकवत तो आत शिरला. टाकीतल्या हवेला वाफ आली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, एवढं की रबराच्या कडेने लाळ बाहेर ओघळली असावी. तो स्वतःशी म्हणाला, बाबा जेवतायत. आत्ता जेवतायत. टेबल रिकामं असणार.

टेबल भरलेलं होतं. सगळी टेबलं. मुदीशेजारी मूद, प्रत्येकीवर अंगठ्याचा खळगा, प्रत्येक खळग्यात तो पिवळा तवंग, आणि पाणी स्थिर असूनही तो तवंग थरथरत होता. खालून काहीतरी फुगत असल्यासारखा.

गाळ थोडा बसला. टोकाच्या मोठ्या मुदीपाशी एक हात वाढत होता.

कोपरापर्यंतच दिसला. त्यामागे गाळ होता, आणि गाळात जे होतं त्यावर अवधूतने टॉर्च नेला नाही. तो हात पाण्यात फार दिवस राहिलेल्या साबणासारखा होता, पांढरा, कडा विरघळलेला. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या आणि बांगड्यांच्या दोन्ही बाजूंनी ते फुगून वर आलं होतं. आईला अग्नी दिला होता. त्याने स्वतः बटण दाबलं होतं. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, क्रेमॅटोरियमवाल्यांनी आधीच काढायला लावल्या होत्या. हा हात आईचा असूच शकत नव्हता, आणि वाढायची रीत आईचीच होती. वाटी उपडी करायची, वर दोनदा टकटक करायचं, हलकेच उचलायची.

टकटक. पाण्यातून ती कानात आली नाही, दातांत आली.

मग त्या हाताने मोठ्या मुदीसमोरची जागा थोपटली. बस.

अवधूतला कळत होतं की ही जागा त्याची नाही. त्याला हेही कळत होतं की मागे ब्रायन आहे, तनू आहे, दोर हातात आहे, आणि तोंडात जे आहे ते काढायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण भूक त्याच्यापेक्षा मोठी झाली होती. कित्येक दिवसांत पोटात काही नव्हतं आणि समोर गरम भात होता. किळस घशापर्यंत आली आणि घशातच भुकेत मिसळली, दोन्ही एकच होऊन गेलं.

त्याने दोर सोडला. बाकावर बसला. गाळ त्याच्या बुडाखाली गरम होता. त्याने तोंडातून रेग्युलेटर काढला आणि दोन्ही हातांनी खायला सुरुवात केली.

८

पुढचं तनूने पाहिलं, आणि तिने ते एकदाच सांगितलं. अवधूत रिकाम्या टेबलाशी ताठ बसला होता आणि टेबलावरचा चिखल मुठींनी तोंडात कोंबत होता. डोळे उघडे होते. तिने आणि ब्रायनने त्याला उचललं तेव्हा तो बाकाला चिकटला होता. ओढून सोडवावं लागलं, आणि सुटताना जो आवाज झाला त्याबद्दल तिला विचारायचं नाही.

बोटीत तो श्वास घेत नव्हता. तनूने त्याच्या तोंडात बोटं घालून साफ केलं. जे निघालं ते राखाडी नव्हतं. पांढरं होतं, ऊन होतं, त्यात काळे कण होते. ती बोटं पाण्यात बुडवून धूत राहिली, अवधूत खोकायला लागला तरी धूत राहिली.

हॉस्पिटलवाले म्हणाले, तलावाचा गाळ. गिळलाय आणि श्वासातून आतही गेलाय. ताप उतरेना. फुफ्फुसात गेलेलं तिथेच सडायला लागलं. अवधूत शुद्धीवर आला, पण त्याच्या उच्छ्वासाला वास यायचा. नर्स मास्क लावून यायच्या आणि नम्रपणे खिडकी उघडायच्या.

टिपणीस रोज येत होते. तज्ज्ञांशी तज्ज्ञांसारखं बोलत होते.

एका दुपारी कमलाकरकाका एकटेच आत आले. खुर्ची जवळ घेतली.

‘तुला सांगायला पाहिजे,’ ते म्हणाले. ‘मला झोप नाही.’

अवधूतला नळ्यांमुळे बोलता येत नव्हतं. तो नुसता बघत होता.

‘तू पाण्यात उतरलास. शशिधरला झाकण निघेना, म्हणून मी डबा उघडून त्याच्या हातात दिला. म्हटलं, घे, तिचं नाव घे आणि खा. तर तो म्हणाला, भात मला चालत नाही, शुगर वाढते. म्हटलं एक घास घे. तर म्हणाला गार झालाय.’ काकांनी नाक पुसलं. ‘मग पाण्याकडे बघून म्हणाला, अलका, मला काही जमायचं नाही, अवधूत आलाय खाली, त्याला बसव माझ्या जागी. आणि डबा उपडा केला पाण्यात. मला वाटलं, चालतं. प्रतिनिधी चालतो ना आपल्यात. मीच म्हटलं त्याला, चालतं.’

दारात टिपणीस उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

‘कमलाकर, पेशंटला एक्साइट करू नका,’ ते म्हणाले. त्यांच्या हातात कँटीनचं सँडविच होतं, अर्धं खाल्लेलं. ‘आणि त्याला नको त्या गोष्टी सांगू नका. काय संबंध? डबा गार झालेला होता. कुणीही नसता खाल्ला.’

ते पलंगाच्या पायथ्याशी आले, चार्ट बघितला, मान हलवली आणि उरलेलं सँडविच उभ्या उभ्या संपवलं. बोटं चार्टच्या कडेला पुसली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. अवधूतच्या उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढून टाकला. डायव्हिंगच्या डॉक्टरांनी त्याला कायमचा अनफिट ठरवलं, आणि ब्रायनने ती जागा दुसऱ्या मुलाला दिली.